यो-योच्या दोरीचं माप

मी सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बारावीला फिरणाऱ्या वस्तूंचा धडा आहे. त्या धड्याच्या दिवशी मी दरवर्षी घरून एक यो-यो घेऊन जायची. तो देताना आशिष तीनतीनदा बजावायचा, "फरशीवर आपटू देऊ नको पोरांना. तुझा धडा एक दिवसाचा, माझा यो-यो जन्माचा."

आशिष म्हणजे माझा नवरा. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात तो यंत्रमाग दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला, मागाखाली वाकलेला असताना तो गेला. शेहेचाळीस वर्षांचा होता. आम्हाला मूल नाही. विजापूर रोडच्या घरात आता मी आणि माझ्या सासूबाई, यशोदाबाई, दोघीच राहतो.

बाहेरच्या खोलीत त्याचं काचेचं कपाट आहे. त्यात पाच यो-यो. त्याला जगातले सगळ्यांत महत्त्वाचे वाटायचे ते, आणि प्रत्येकाखाली त्याच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी. वरच्या फळीवर बेअरिंगचा, ॲल्युमिनियमचा: 'इथून पुढे यो-यो मिनिटं-मिनिटं झोपायला लागला.' यो-यो झोपणं म्हणजे दोरी पूर्ण उलगडल्यावर वर न येता खालीच गरगरत राहणं. त्याखाली 'ब्रेन' नावाचा, आत छोटा क्लच असलेला: 'वेग उतरला की स्वतःच परत येतो. ज्यांना जमत नव्हतं त्यांनाही जमलं.' मग बटरफ्लाय, दोन्ही पाळ्या बाहेर उघडणारा: 'दोरीवर झेलता येतो. सगळ्या कसरती ह्याच्यावरनं.' मग थंड पेयाची बुचं साठवून मिळालेला लाल प्लॅस्टिकचा: 'आमच्या गल्लीचा इतिहास.' आणि सगळ्यांत खाली शिसवीचा, बोजड, थोडा वाकडा. मिलसाठी सुताच्या लाकडी बॉबिनी कातणाऱ्या चनबसप्पांनी तो त्याला करून दिला होता. त्याची चिठ्ठी एवढीच: 'जगात कुणाला माहीत नाही. माझा पहिला.'

मार्चमध्ये मल्लेश आला. आशिषचा शाळेपासूनचा मित्र, त्याचा स्वतःचा टॉवेलचा कारखाना आहे. तो म्हणाला, "वहिनी, हे कपाट तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवूया की. त्याच्या नावानं. पोरं बघतील, खेळतील. हितं नुसतं धूळ खात बसलंय."

मला पटलं. पण दोऱ्या कुजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मल्लेशने पांढऱ्या सुताचं एक मोठं रीळ पाठवलं. सूत दुहेरी पिळून दोरी करायची, टोकाला बोटाचा फास घालायचा, हे आशिषकडून बघून बघून मला येत होतं. दोरीचं माप माणसावर असतं. यो-यो जमिनीला टेकवला की दोरी बेंबीपर्यंत यायला हवी. मुलांपुढे मीच खेळून दाखवणार होते, म्हणून पाचही दोऱ्या माझ्या मापाने कापल्या. चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

दोन दिवसांनी दुपारी कॉलेजातून आले आणि सराव करायला ॲल्युमिनियमचा यो-यो काढला. पहिल्याच फेकीत तो फरशीवर आपटला.

मला वाटलं, कापताना चुकलं. टेप लावली. एकशे सात.

सूत ताणतं, पण तेरा सेंटिमीटर नाही. शिवाय दोरीत कुठे जोड नव्हता. फास मी माझ्या बोटाचा केला होता, तो आता सैल होता. मी तो मधल्या बोटातून काढून अंगठ्यात घालून पाहिला. तिथेही तो हलत होता.

मी शांतपणे नवी दोरी कापली. चौऱ्याण्णव. टेपशेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये घालून कॉलेजला गेले. परत आले तेव्हा कुलूप तसंच होतं. दोरी एकशे सात होती.

सासूबाईंना विचारलं. त्या पोथीतून मान वर न करता म्हणाल्या, "मला सुईत दोरा ओवता येईना, मी कुठली दोरी वळते?"

आशिष पाच फूट दहा इंच होता. एकशे सात हे त्याचं माप. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी फक्त तिसऱ्या दिवशी ते स्वतःशी कबूल केलं.

त्यानंतरचे आठ-नऊ दिवस मी कुणाला सांगितले नाहीत. मी दोरी बदलणं सोडून दिलं. दुपारी अडीचला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, बाहेरच्या खोलीतून बेअरिंगचा आवाज यायचा. बारीक, एकसुरी, गांधीलमाशी बाटलीत अडकावी तसा. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकत राहायची. आवाज थांबला की जाऊन फास बोटात घालायची. तो कोमट असायचा. एकदा मी यो-यो खाली सोडला आणि तो झोपला, तसा नुसता धरून उभी राहिले. मी हात हलवला नाही. तरी दोरीला खालून दोन हलके झटके बसले. गर्दीत माझं लक्ष वेधायचं असलं की आशिष माझ्या ओढणीला असेच दोन झटके द्यायचा. त्या दुपारी मी त्याच्या जाण्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग एक दिवस आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुद्दाम चौऱ्याण्णवची नवी दोरी लावली. ती चौऱ्याण्णवच राहिली. ॲल्युमिनियमचा यो-यो थंडगार झाला होता, कपाटातल्या कुठल्याही वस्तूसारखा.

तीन दिवसांनी ब्रेनची दोरी एकशे सात झाली.

मला आनंद झाला. पण हा आनंद टिकला नाही. ब्रेन फिरायचा, क्लचचा टकटक आवाज यायचा, खोलीत कुणीतरी जोरजोरात, हौसेने खेळतंय हे जाणवायचं. मी आत गेले तरी खेळ थांबायचा नाही. मात्र ते दोन झटके कधीच बसले नाहीत. मी दोरी बोटात धरून तासन् तास उभी राहिले. एकदा म्हणालेही, "आशिष, मी आहे." यो-यो शहाण्यासारखा वर आला, माझ्या तळहातात बसला. तो कुणाच्याही हातात तसाच येतो.

एप्रिलच्या मध्यात पारा त्रेचाळीसवर होता. ब्रेन थांबला आणि बटरफ्लायची दोरी बदलली. ह्या वेळी ती एकशे सात नव्हती. अठ्ठ्याण्णव होती.

त्याच दिवशी मल्लेश कपाटाचं बघायला आला. मी त्याला काही न सांगता बटरफ्लाय हातात दिला. त्याने सवयीने तो जमिनीला टेकवला, दोरी स्वतःच्या पोटाशी लावली आणि हसला.

"ही तर नववीतली दोरी की ओ, वहिनी."

"म्हणजे?"

"त्याच्या काकांनी हा मुंबईहून आणला तेव्हा आम्ही नववीत. तेव्हा तो एवढाच होता. सुट्टीत भराभरा उंच झाला, मग मीच त्याला मोठी दोरी वळून दिली. तुमाला कुठं घावली ही?"

"कपाटात होती," मी म्हणाले. "आणि ब्रेन? तो कधी घेतला त्याने?"

"इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला असताना. लग्नाच्या आधी सात-आठ वर्षं तरी." तो माझ्याकडे बघत राहिला. "वहिनी, बरं वाटत नाही काय? पाणी देऊ?"

ॲल्युमिनियमचा यो-यो मी दिला होता. लग्नानंतरच्या त्याच्या पहिल्या वाढदिवसाला.

मल्लेश गेल्यावर मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. वरून खाली फळ्या मोजायची गरज नव्हती. तो एक-एक फळी उतरत होता. मला ओळखणारा आशिष पहिल्याच फळीवर संपला होता. मी त्याला परत मिळवलं असं मला वाटत होतं ते आठ-नऊ दिवस, तेवढेच. आता जो घरात होता तो पंधरा वर्षांचा होता आणि मी त्याची कुणीच नव्हते. मी खोलीत शिरले की बटरफ्लाय थांबायचा. अनोळखी माणूस आल्यावर मुलगे थांबतात, तसा.

सासूबाई मात्र बदलल्या. दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्यासारख्या होत्या, त्या उठून स्वयंपाकघरात येऊ लागल्या. मी काही बोलले नव्हते, त्यांनी काही विचारलं नव्हतं. पण एके दिवशी त्यांनी शेंगांची चटणी बाजूला सारली आणि पोळी तूप-गुळात कुस्करायला घेतली. दोन वाट्या भरल्या. एक स्वतःला.

"दुसरी कुणाला, आई?"

"कालपासून तिखट खाईना तो," त्या म्हणाल्या. "जीभ पोळालीय म्हणतो."

मी कपाटाकडे धावले. लाल यो-योची दोरी मोजली. चौऱ्याऐंशी. अकरा वर्षांचा.

आता खाली एकच फळी राहिली होती. त्याखाली काही नव्हतं.

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. चनबसप्पांचा शिसवीचा यो-यो काढून रुमालात गुंडाळला, पिशवीत घातला आणि मल्लेशला फोन केला, की येऊन एक वस्तू घेऊन जा, तुझ्या कारखान्यात कुलुपात ठेव, मी मागेपर्यंत देऊ नको. माझा हिशेब सरळ होता. खालची पायरीच काढून घेतली तर तो अकराव्या वर्षी थांबेल. मला ओळखणार नाही, पण घरात राहील. मी तो अकरा वर्षांचाही चालवून घेतला असता.

पिशवी घेऊन निघाले तर सासूबाई दारात उभ्या होत्या.

"ते ठेव खाली."

"आई, ह्या शेवटच्यावर आला तर तो पुढे कुठे जाईल? ह्याच्यानंतर काहीच नाही. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

त्यांचा आवाज चढला नाही. "तुला तो कसा मिळाला? नोकरीचा, मिशीचा, सगळं शिकून झालेला. एकोणीस वर्षं तुझी झाली की. मी काही बोलले का कधी? माझा आशू सहा वर्षांचा होता तेव्हा मी दिवसभर शाळेत दुसऱ्यांची पोरं शिकवायची. हा शेजारी राहायचा. चनबसप्पांच्या दुकानात, भुश्शात बसून. हा यो-यो त्यांनी त्याला रडू नये म्हणून करून दिला, माहितीय तुला? आई येईपर्यंत खेळ म्हणून." त्यांनी हात पुढे केला. "आता मी घरी आहे. दे."

बाहेर मल्लेशच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी पिशवी घट्ट धरली होती. सासूबाईंचा हात तसाच पुढे होता. आशिष गेला त्या सकाळी दवाखान्यात त्या एकट्याच बाकावर बसल्या होत्या. सगळे माझ्याभोवती होते. त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी रुमाल सोडला आणि यो-यो त्यांच्या हातात ठेवला. बाहेर जाऊन मल्लेशला सांगितलं, काही नाही, चुकून फोन केला.

त्यानंतर मी टेप लावली नाही. लावायची गरज पडली नाही. लाकडाचा आवाज बेअरिंगसारखा नसतो. तो घरघरतो, आणि लहान हातातून सुटला की जमिनीवर गडगडत जातो. दोन दिवस मी तो आवाज आतल्या खोलीतून ऐकला. गडगडायचा, थांबायचा, मग सासूबाईंचं हसणं. त्यांना असं हसताना मी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी दोनला मी कॉलेजातून आले. सासूबाई बाहेरच्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. त्यांची मांडी थोडी फाकलेली होती आणि लुगडं मधे दबलेलं होतं, जसं कुणी मांडीत बसल्यावर दबतं. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि नेहमीसारखी आत येऊ लागले.

"थांब जरा," त्या हळूच म्हणाल्या. मग मान खाली घालून काहीतरी ऐकलं. हसल्या.

"लाजालाय तुला बघून. ह्या बाई कोण म्हणून विचारालाय."

मी विचारलं, "काय सांगितलं तुम्ही?"

"पाहुण्या आहेत म्हटलं. जातील आता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. विनवणी होती. "जा की गं थोडा वेळ बाहेर. भ्यालाय तो."

मी गेले. अंगणातल्या पायरीवर उन्हात बसले. दगड तापला होता, पण उठावंसं वाटलं नाही. मागे दार कुणीतरी ओढून घेतलं. मी वळून खिडकीतून पाहिलं. सासूबाई कॉटवरच होत्या, दोन्ही हात मांडीत, दाराकडे कौतुकाने बघत.

आमच्या दाराला आतून दोन कड्या आहेत. एक वर, एक खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

खालची लागल्याचा आवाज आला. वरची नाही.