अण्णांची फ्रेम

माझा चष्मा मिरच्यांच्या पोत्यात पडला, तिथून हे सगळं सुरू झालं.

बहात्तर साल. भाद्रपद संपत आला तरी आभाळात ढग म्हणून नव्हता. भिंगारच्या बाजारात मी वाकून लाल मिरच्या बघत होते आणि घामानं चष्मा नाकावरून घसरला तो गडप झाला. चष्म्याशिवाय मला समोरचं माणूससुद्धा नुसतं रंगाचा डाग दिसतं. मी चाचपडत पोत्यात हात घातला… तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. आणि लगेच सोडलंही.

“हात काढा आधी! अन् तोच हात डोळ्याला लावू नका.” आवाज पुरुषाचा, घाबरलेला. “मी काढतो. समोर दुकान हाय. चष्म्याचंच.”

दुकान दाऊदभाईंचं होतं. ते पुढं बसून गिऱ्हाइकांचे नंबर तपासायचे, आणि हा—गोरक्ष—मागं बसून फ्रेमा बसवायचा. त्यानं माझा चष्मा साबणानं दोनदा धुतला, पुसला, आणि बराच वेळ हातात फिरवला.

“ही फ्रेम तुमची न्हाई.”

“वडिलांची आहे. अण्णा खर्डा गावात मास्तर होते. ते गेल्यावर मी त्यात माझ्या नंबरच्या काचा घालून घेतल्या.”

“तरीच. ही अजून त्यांच्याच तोंडावर बसलीया.”

मला राग यायला हवा होता. आला नाही.

स्टोव्हवर एका पसरट पातेल्यात वाळू तापत होती. शेंगदाणे भाजावेत तशी त्यानं फ्रेमची काडी त्या वाळूत फिरवली, आणि मऊ झाल्यावर अंगठ्यानं हळूच वळवली.

“मोडेल ना!”

“न्हाई मोडत. प्लास्टिक दोन जातीचं असतंय. तुमी कामाला कुठं?”

“नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजला.”

“मग तुमचा तो काळा फोन बघा. बेकलाइट. एकदा साच्यात घट्ट झालं की झालं. पुन्हा तापवलं तर जळंल, पर वळायचं न्हाई. ही दुसरी जात. कारखान्यातनं तयार हून आली तरी तिचं संपत न्हाई. ऊब दिली की परत ऐकती… कितीबी डाव.”

“मी बेकलाइटच्या जातीची,” मी म्हणून गेले. एकोणतीस वर्षांच्या बाईनं परक्या माणसाशी बोलायची ही भाषा नव्हे, हे मला कळत होतं.

“बघू की,” तो म्हणाला आणि त्यानं फ्रेम माझ्या कानांवर ठेवली. डागातून एकदम एक चेहरा निघाला, हातभर अंतरावर. सावळा, देवीचे थोडे व्रण, आणि एका भुवईला वाळू लागलेली. मी त्याला सांगितलं नाही. ती भुवई मला तशीच आवडली.

दिवसभर मी दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. कोण कुणावर चिडलंय, कुणाला बाळ झालं, कुठल्या गावाला मयत आहे, सगळं माझ्या कानांवरून जायचं. संध्याकाळी भिंगारच्या खोलीवर यायचं, एका माणसाचा भात टाकायचा, आणि भांडी वाजली की तेवढाच आवाज. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नव्हती.

पुढच्या शनिवारी फ्रेम खरंच सैल झाली. ऊन तसं होतंच. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र… आता लपवण्यात काय अर्थ आहे? मीच ती भाताच्या पातेल्याच्या गरम झाकणावर ठेवली.

“परत?” गोरक्ष विचारायचा.

“ऊन काय आहे बघा ना!”

“व्हय. ऊन लई हाय.” आणि तो वाळू तापत ठेवायचा. फार सावकाश तापायची ती.

वाळू तापेस्तोवर आम्ही बोलायचो. अण्णांबद्दल, माझ्या मच्छिंद्रदादाबद्दल, दादा बैलबाजाराला जातो त्या गोरक्षच्या घोडेगावबद्दल. एकदा मी त्याला माझी स्थळंही सांगितली. “तीन जण बघून गेले. त्यातल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. दादा चष्मा काढायला लावतो. तिसऱ्या वेळी पोह्यांची ताटली मी स्टुलाऐवजी हवेत ठेवली.”

तो खो-खो हसला. मग त्यानं स्टोव्ह बारीक केला.

“अन् नकार आला की?”

“नकाराचं काही नाही हो. पण त्या गावाचा ट्रंक कॉल लागला की गावाचं नाव माझ्याच तोंडानं पुकारावं लागतं. म्हणून मी दादाला सांगून ठेवलंय, जमेपर्यंत नाव-गाव मला सांगू नकोस.”

दिवाळी झाली आणि दादाचं पत्र आलं. ‘रविवारी सकाळी पाहुण्यांना घेऊन तुझ्या खोलीवर येतो. चष्मा काढून ठेव. यावेळी हट्ट नको.’

शनिवारी मी दुकानात गेले. चष्मा झाकणावर ठेवलाच होता. मला एवढंच हवं होतं, की मी सांगावं आणि त्यानं काहीतरी बोलावं. काहीही.

“उद्या मला बघायला येणार आहेत.”

त्याचे हात थांबले नाहीत. “मग घट्ट बसवून देतो. उद्या घालनार न्हवं?”

“नाही. दादानं बजावलंय.”

“घाला.”

“का?”

“बघायचा हक तुमालाबी हाय.” त्यानं काडी वाळूतून काढली, वळवली, गार पाण्यात बुडवली. तीनदा बसवून बघितली. इतका वेळ त्यानं कधीच लावला नव्हता. “आता न्हाई सैल व्हायची. झाकनावर ठेवली न्हाई तर.”

माझे कान तापले. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं! ठाऊक असून त्यानं आज फ्रेम पक्की करून टाकली, म्हणजे पुन्हा येऊ नका, असंच ना? मी पायऱ्या उतरले. घरी येईपर्यंत चष्मा एकदाही घसरला नाही, आणि मला त्याचंच रडू येत होतं. भात टाकला नाही. झाकण समोर दिसत होतं, ते पालथं घालून ठेवलं.

रविवारी दादा दोन माणसं घेऊन आला. मी चष्मा काढून डब्यांच्या फळीवर ठेवला होता. आता काय घालायचा आणि कुणासाठी? सतरंजीवर एक पांढरा डाग बसला आणि एक निळा.

“नाव काय म्हनलं पोरी?” पांढऱ्या डागानं विचारलं. आवाज म्हातारा, मायाळू होता.

“चांगुणा.”

“नजर एकदम झ्याक हाय तिची,” दादा मध्येच म्हणाला. “अंधारात सुईत दोरा ओवती!”

निळ्या डागाला ठसका लागला. मी मान खाली घालून ताटली पुढं केली, अंदाजानं… आणि ती भलतीकडेच चालली, तेव्हा कुणीतरी माझं मनगट धरलं. लगेच सोडलंही.

मी ताटली खाली ठेवायची विसरले.

“चष्मा कुठंय?” निळा डाग म्हणाला.

आवाज ओळखणं हाच माझा धंदा. तरी मला खरं वाटेना.

“कसला चष्मा?” दादा बिचारा गडबडला.

“अण्णांचा.”

तो उठला, फळीवरून चष्मा घेतला. “गार पडलाय,” पुटपुटत त्यानं काड्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, आणि दादासमोर, पाहुण्यासमोर, माझ्या कानांवर ठेवला. घडीच्या खुणा असलेला नवा निळा शर्ट. देवीचे व्रण. भुवया दोन्ही स्वच्छ.

“तुमी वळखता हिला?” दादाचा आ वासलेलाच होता.

म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. तो गोरक्षचा चुलता, सूर्यभान. “आरं, ह्यानंच घोडेगावच्या बाजारात मला तुझ्यामागं धाडलं. बैलाचं नुसतं निमित्त हुतं! अन् तू आमालाच सांगतुयास सुईदोऱ्याचं?”

दादा लाजला तो जमिनीकडे बघतच बसला.

बघण्याच्या वेळी मुलीनं प्रश्न विचारायचा नसतो. मी विचारला. “काल इतकी घट्ट का बसवलीत? मला वाटलं, येऊ नका म्हणताय.”

गोरक्षचा चेहरा पडला. असं काही मला वाटलं असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. “दुकानात कसं बोलनार, म्हनून चुलत्याला धाडलं,” तो हळूच म्हणाला. “अन् घट्ट म्हंजे… आज तुमी मला बघनार हुता. मधीच घसरली असती तर?”

मी मान वर केली. आणि बघितलं त्याला, घाई न करता, पोहे गार होईपर्यंत.