खिशातला फ्यूज

झालं का सगळ्यांचं रडून? मघापासून ऐकतोय मी. एकाचं मशीन भंगारवाल्याने नेलं, एकाचं दुसऱ्या कुणी आदल्या दिवशी उचललं, एक जण घासाघीस करत बसला आणि मालकाने चिडून फोन घेणंच सोडलं. दर महिन्याला या गोदामात जमायचं, ही जुनी गेमची मशीनं चालू करायची आणि हातच्या गेलेल्या मशीनांच्या आठवणी काढायच्या. अरे, सोयरीक मोडलेलीसुद्धा माणूस एवढी उगाळत नाही.

आणि तू रे चष्मेवाल्या. मघाशी सांगितलंस, मालकाचं लक्ष नसताना मागची एखादी वायर सैल करून ठेवायची, मशीन बंद पडलं की भाव आपोआप खाली येतो. सगळे हसले. हसा. पण आता ते मोठे दिवे घालवा आणि जरा जवळ सरका. मी सांगतो ते माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय. बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या नावावर खोटं सांगितलं तर मला घरात जेवायला मिळणार नाही.

मेव्हणा तुमच्यासारखाच वेडा. घरात पाहुण्याला बसायला खुर्ची नाही, पण चारी भिंतींना लागून मशीनं उभी. मी जन्मभर टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे त्याचं काही बिघडलं की भाऊजी आठवायचे. खरेदीत मात्र पक्का. तो म्हणायचा, "भाऊजी, वस्तू बघायची, गोष्ट ऐकायची नाही. मालकाची गोष्ट ऐकली की भाव वाढतो." मालकाने तोंड उघडलं की हा म्हणणार, नंतर, नंतर, आधी बघू दे. त्यात काय एवढं, असं मलाही तेव्हा वाटायचं.

तर त्याला कुणीतरी सांगितलं की अमुक रस्त्याला एक जुनं सलून आहे, तिथे कोपऱ्यात होडीच्या गेमचं मशीन आहे. होडी खडक चुकवत पुढे न्यायची, तो गेम. असं मशीन तो कित्येक वर्षं शोधत होता. एका सकाळी गेला. सलूनवाला उतारवयाचा, एकटाच. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात ते मशीन. चालू. नुसतं चालू नाही, त्याला वेगळा इन्व्हर्टर जोडलेला. गिऱ्हाइकांच्या डोक्यावरच्या पंख्याला इन्व्हर्टर नाही, मशीनला आहे. मेव्हण्याला मनातल्या मनात हसू आलं.

सलूनवाला म्हणाला, "दुकान बंद करतोय. मुलीकडे राहायला चाललोय. मशीन द्यायचंय, पण साहेब, एक अट आहे. याचं असं झालं की..."

"नंतर, नंतर," मेव्हणा म्हणाला. "आधी बघू दे."

मशीन भिंतीपासून ओढलं, तिरकं केलं, मागचं दार उघडलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि सलूनवाला तिकडे वळला. मेव्हण्याने आत हात घातला आणि फ्यूज काढून घेतला. काचेचा, बोटाच्या पेराएवढा. शर्टाच्या वरच्या खिशात टाकला. पडद्यावरचं चित्र आकसलं, मधे एक पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला.

सलूनवाल्याच्या हातातली कात्री थांबली. तो जवळ आला. बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत उभा राहिला. गिऱ्हाईक अर्ध्या केसांनी तसंच बसलेलं.

"बंद पडलं?" त्याने विचारलं.

"मेलंय हे," मेव्हणा म्हणाला. "आतलं सगळं गेलंय. भंगार आहे. बघा विचार करून, मी आठ दिवसांनी येतो."

घरी येऊन मला मोठ्या ऐटीत सांगितलं त्याने. आता आठ दिवस म्हातारा झुरेल, मग मी टेम्पो घेऊनच जातो. टेम्पो दारात उभा राहिला की कुणी नाही म्हणत नाही. फ्यूज खिशातच ठेवणार होता, मशीन घरी आलं की लावायचा म्हणून.

ती रात्र नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारची. टेम्पोवाला दिवसभराच्या फेऱ्या उरकून मोकळा झाला तेव्हा साडेदहा वाजले होते. शनिवारी सलून उशिरापर्यंत चालतं, या हिशेबाने दोघे निघाले. रस्त्यावरची दुकानं बंद. सलूनचं शटर मात्र अर्धं वर होतं आणि खालून निळसर उजेड रस्त्यावर पडला होता. टेम्पोवाला गाडीतच बसला. मेव्हणा वाकून आत शिरला.

आत ताज्या रंगाचा वास येत होता. ट्यूबलाइट बंद. उजेड होता तो मशीनचा.

मशीनसमोर एक बाई उभी होती. पाठमोरी. खांद्याला कामावर न्यायची पिशवी. दोन्ही हात मशीनवर. खेळत होती.

"बसा," ती मागे न बघता म्हणाली. "एवढा डाव होऊ द्या."

मेव्हणा खुर्चीत बसला. त्याला वाटलं, मालकाची मुलगी असेल, न्यायला आली असेल. पडद्यावर होडी सरसर चालली होती. काय हात होता बाईचा! एक खडक नाही लागला. तो खेळ बघण्यातच रमला. आणि मग त्याच्या लक्षात आलं.

मशीन चालू होतं.

त्याने खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता.

समोरच्या आरशात मशीनची मागची बाजू दिसत होती. दार उघडंच, त्याने ठेवलं होतं तसं. आत फ्यूज धरणारे पितळेचे दोन चिमटे. मधे काही नाही. रिकामे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दुसऱ्या कुणाला यात काही वावगं दिसलं नसतं. हे मशीन चालूच शकत नाही, हे साऱ्या जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. आणि ते बोलायचं कसं? बोलला की चोरी कबूल.

"हे सांगत होते," बाई म्हणाली, "तुम्ही बघायला आला होतात."

त्याने खिशावर हात दाबून धरला.

"मेलंय म्हणालात..."

बटणाचा टकटक आवाज. होडी चाललेली.

"मेलंय का हो?"

भीती होतीच, पण तो मला म्हणाला, भाऊजी, भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. शाळेत बाईंनी वहीत कॉपी धरावी आणि ओरडूही नये, तशी.

डाव संपला. पडद्यावर नावांची यादी आली. सगळ्या ओळी कोऱ्या. तिने सावकाश, एकेक अक्षर निवडत, सगळ्यात वरती आपल्या नावाची तीन अक्षरं टाकली. मग ती बाजूला झाली. त्याच्याकडे तोंड मात्र केलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता बंद करा."

तो हलला नाही.

"करा ना... तुम्हाला माहितीये कसं ते."

त्याने डोळे मिटले. किती वेळ, कोण जाणे. उघडले तेव्हा काळोख होता. रंगाचा वास तेवढा होता. तो चाचपडत शटरखालून बाहेर आला, तर टेम्पोवाला वैतागलेला. "काय साहेब, अंधारात एवढा वेळ काय करत होता? दिवा तरी लावायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन गेला. सलून रिकामं. मशीन नाही, आरसा नाही, खुर्च्या नाहीत. फरशीवर त्यांच्या बुडांचे गोल डाग तेवढे. मेव्हणा त्या डागांकडे बघत म्हणाला, "मग मी बसलो कशावर?"

मी शेजारच्या दुकानात हाक मारली.

शेजारचा शिंपी आला. गाळा त्याने घेतला होता, रंग वाळावा म्हणून शटर अर्धं वर ठेवून गेला होता. सलूनवाला चार दिवसांपूर्वीच मुलीकडे गेला म्हणाला. आणि मशीन? "मोडलं हो त्यांनी. स्वतःच्या हातांनी. कुणी जाणकार गृहस्थ सांगून गेले, आता यात जीव नाही म्हणून."

मग शिंप्याने ती गोष्ट सांगितली, जी मेव्हण्याने ऐकून घेतली नव्हती. सलूनवाल्याची बायको रोज कामावरून सुटली की पिशवी खांद्याला लावून सलूनमध्ये यायची आणि नवऱ्याचं शेवटचं गिऱ्हाईक होईपर्यंत गेम खेळायची. आख्ख्या गल्लीतल्या पोरांना तिने धूळ चारलेली. यादीत पहिलं नाव तिचं. ती गेली. आता तुम्हाला माहितीच आहे, ही जुनी मशीनं विसरभोळी. वीज गेली की नावं गेली. म्हणून त्याने मशीन पुन्हा कधी बंद केलं नाही. पोरांना खेळू द्यायचा, पण कुणी तिच्या आकड्याच्या जवळ पोचलं की, "चल रे, तुझा नंबर आला," म्हणून ओढून खुर्चीत बसवायचा. हे सांगताना शिंपी हसला. आम्ही नाही हसलो.

"अट एवढीच होती," शिंपी म्हणाला. "बंद न करता न्यायचं. इन्व्हर्टरसकट. जो तसं नेईल त्याला फुकट देणार होते."

हे ऐका रे, फुकट. पण मेव्हण्याच्या ते डोक्यातच शिरलं नाही. त्याला लागलं ते पुढचं. शिंपी म्हणाला, "शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत होते. त्या सकाळी मशीन पुसलं होतं, फडका जरा ओला राहिला म्हणे. माझ्या हाताने घालवली मी तिला, असं म्हणत होते."

घरी येऊन मी तो फ्यूज बघितला. मीटर लावला. बीप वाजला. ठणठणीत. काचेतली तार केसासारखी बारीक, पण अखंड. मी मेव्हण्याला म्हटलं, जा. त्या माणसाचे पाय धर आणि सांग खरं काय ते. मशीन तर गेलं, निदान त्याच्या मनावरचा दगड तरी उतरव. नाही म्हणाला नाही. पण आज जातो, उद्या जातो करत महिना घालवला. शेवटी माझ्या बायकोने शिंप्याकडून पत्ता आणला आणि भावाला घराबाहेर काढलं.

मुलीच्या घराखाली एक खुर्ची टाकून सलूनवाला बसला होता. हा गिऱ्हाईक म्हणून बसला. कापड बांधलं. फ्यूज वरच्या खिशात, कापडाखाली हात त्याच्यावर. सुरुवात कशी करावी हे मनात जुळवत होता. तर सलूनवाल्यानेच ओळखलं.

"तुम्ही मशीन बघायला आला होतात ना? बरं झालं भेटलात. तुमचे आभार मानायचे राहिले होते."

"आभार?"

"तुम्ही उघडून बघितलंत म्हणून कळलं तरी. नाहीतर मी इथे आणून आशेवर बसलो असतो." वस्तरा मानेवरून फिरत होता. "फडका ओला होता माझा. माझ्याच हाताने झालं... तुमचं बरं, तुम्ही स्पष्ट सांगितलंत."

पोरांनो, बोलायची वेळ ती होती. एक वाक्य. फडका नव्हे, मी. एवढंच. मेव्हण्याने तोंड उघडलं... आणि मिटलं. तोंडात मूग धरून बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणाला, पण जीभ उचलेना.

तेवढ्यात छातीपाशी चटका बसला. शर्टाच्या आत निखारा पडावा तसा. तरी हा गप्प.

केस झाले. सलूनवाल्याने कापड सोडून झटकलं. मेव्हणा घाईघाईने उठताना वाकला आणि खिशातून फ्यूज खाली पडला. सलूनवाल्याने उचलला. उजेडात धरून बघितला. तो कशाचा आहे, हे त्याला काय माहीत.

"जळालाय हो हा," तो म्हणाला. "टाकून देऊ?"

मेव्हण्याने नुसती मान हलवली, नको.

"आठवण असेल कशाची तरी," सलूनवाला म्हणाला, आणि नीट त्याच्या तळहातावर ठेवला.

मेव्हणा परत कधी तिकडे गेला नाही. सलूनवाला गेल्या वर्षी वारला, तेच मनात घेऊन. मेव्हण्याने मशीनं एकेक करून देऊन टाकली. तू टेकून बसलायस ना, ते त्याचंच. तो शर्ट माझ्या बायकोने किती वेळा धुतला, खिशावरचा तपकिरी डाग गेला नाही.

आणि हा फ्यूज. मीच मागून घेतला त्याच्याकडून. हातोहात फिरवा. काच आतून काळी झालीये, तार वितळलीये. जन्मभर हेच काम केलंय मी, म्हणून सांगतो. फ्यूज जळायला त्यातून वीज जावी लागते. खिशात ठेवलेला फ्यूज जळत नाही.

काय रे चष्मेवाल्या, तू का हात मागे घेतलास?

घे. गार आहे आता.