सोलापूरला येणारी बोट

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. दिवा जरा इकडं सरकवा. त्या प्रकरणात मला भीती फार उशिरा वाटली. आधी आला तो नुसता वैताग.

साल त्र्याहत्तर. उन्हाळा, आणि तोही दुष्काळातला. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होतो. माझा शाळेपासूनचा मित्र ईरप्पा, त्याचं सोलापुरात सात रस्त्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मागच्या बोळातून जिना चढलं की त्याचं घर, आणि गच्चीवर एक खोली. आम्हा दोघांना खूळ एकच, हौशी रेडिओचं. घरी जुळवलेल्या सेटवरून परमुलखातल्या आपल्यासारख्याच खुळ्यांशी गप्पा मारायच्या. सरकार त्याचं लायसन देतं आणि रेडिओलहरींचे ठरावीक पट्टे नेमून देतं. त्याबाहेर तोंड उघडायचं नाही. ईरप्पानं उघडलं होतं. तेही कुठं, तर जहाजांच्या पट्ट्यात!

मुंबईहून ओळखीच्या एका वायरलेसवाल्याचा ट्रंककॉल आला. "सोलापूरचा कुणीतरी रोज संध्याकाळी जहाजांच्या पट्ट्यात बडबडतोय. तुझा दोस्त तर नव्हे? बंद कर म्हणावं. तिथं कुणी बुडताना हाक मारली, तर याच्या बडबडीत ऐकू जायची नाही."

ईरप्पाच्या लायसनच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही माझी. माझं डोकंच फिरलं. ड्यूटी संपली तशी सायकल काढली.

जिन्याच्या तोंडाशी त्याची बायको गौरम्मा रिकामी घागर घेऊन टँकरची वाट बघत उभी होती. मला बघून ती फुटलीच.

"बरं झालं आलात भावजी. तुमीच सांगा त्यांना. दुकान उघडत न्हाईत, धड जेवत न्हाईत. हितं रांजणाचा तळ दिसाय लागलाय, आन् ह्ये वर बसून समुद्राशी बोलत्यात!"

वर गेलो. गच्चीवर अजून उन्हाची धग होती, पण खोलीत शिरलो आणि अंगावर गारवा आला. सेटमधल्या तापलेल्या व्हॉल्व्हचा वास ओळखीचा होता. त्याच्या खाली दुसरा एक वास होता, मासळी बाजार धुऊन काढल्यावर फरशीला येतो तसा.

"ईरप्पा, अक्कल गहाण टाकलीस का रे?"

"हळू बोल, धर्मा. ते ऐकत्यात."

"कोण?"

"बोटीवरले."

मग त्यानं सांगितलं. सेट फिरवता फिरवता त्याला एक हाक ऐकू आली होती. रत्नागिरीच्या बाहेर धुक्यात वाट चुकलेली एक छोटी मालवाहू बोट. माणसं कारवारकडची, कानडी बोलणारी. हाका मारून मारून थकली होती.

"कुणीच उत्तर देईना. मला ऱ्हाववलं न्हाय. म्हणालो, ऐकू येतंय."

"मग बंदरावर कळवायचं!"

"कळवलं की. तुज्याच एक्स्चेंजमधनं फोन लावला. ते म्हणाले, असली बोटच कुटं न्हाय." तो माइककडं बघत राहिला. "बोटीवरल्यांकडं आवाजाची दिशा दाखवणारं यंत्र हाय. म्हणाले, तू नुसता बोलत ऱ्हा, आमी तुज्या आवाजाच्या रोखानं येतो."

"आणि तू बोलत राहिलास?"

"व्हय."

"अरे गाढवा! तू बसलास सोलापुरात! तुझ्या रोखानं आले तर खडकावर आपटून मरतील!"

"आपटले न्हाईत," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या नकाशाकडं बोट केलं.

बोट रोज आपला ठिकाणा सांगायची आणि हा पेन्सिलीनं फुली मारायचा. पहिल्या फुल्या समुद्रात होत्या. मग एक किनाऱ्यावर, एक घाटात. मग मिरज. मग सांगोला.

माझा संताप अनावर झाला. कुणीतरी याला सरळ बनवत होतं, आणि हा शहाणा नकाशे रंगवत बसला होता. मी तसं म्हणणार, इतक्यात सेटमधली खरखर एकदम निवली.

"सोलापूर... सोलापूर..."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा. दमलेला, अदबीचा. त्यानं कानडीत अक्षांश-रेखांश सांगितले. ईरप्पाची पेन्सिल नकाशावर सरकत गेली आणि मंगळवेढ्यावर थांबली.

मी माइक हिसकावून घेतला. "कोण आहे रे तिकडं? ही थट्टा पुरे! इथं बोट कशी येईल? इथं प्यायला पाणी नाही!"

पलीकडं लाकडावर काहीतरी चुबुक चुबुक आपटत होतं. मग तोच आवाज, समजूत घातल्यासारखा...

"नीरु नम्म जोतेये बर्ता इदे."

पाणी आमच्याबरोबरच येतंय.

मी प्लग उपटला. मोठा व्हॉल्व्ह काढून खिशात घातला, हात भाजला तरी. बाहेर जाऊन पकडीनं एरियलची तार तोडली. ईरप्पानं मला अडवलं नाही. एवढंच म्हणाला,

"आता त्यांना कळायचं कसं रे... थांबायचं कुटं?"

त्याच आठवड्यात गौरम्माचा फोन आला, लगेच या म्हणून. पोचलो तर बोळात माणसं जमून हसत होती. टळटळीत दुपारी ईरप्पा बोळातून चालत होता. दोन्ही चपला डोक्याच्या वर धरलेल्या, हनुवटी उंचावलेली. एकेक पाऊल जड, रेटून पुढं टाकत होता. पायाखाली फुफाटा.

"ईरप्पा!" मी धावलो.

"पुढं येऊ नगंस, धर्मा," तो धापा टाकत म्हणाला. "तितं खोल हाय."

त्याच दिवशी त्याला आणि गौरम्माला तिच्या भावाकडं मोडनिंबला पोचवलं. तिथं तो हळूहळू सावरला. पुढं तिथंच सायकलचं दुकान टाकलं. रेडिओचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

घराला कुलूप लावायचं राहिलं होतं, ते लावायला मी गेलो. बोळाकडच्या भिंतीला खरखरीत काहीतरी चिकटलेलं दिसलं. ज्वारीच्या दाण्याएवढे पांढुरके शिंपले, हजारो, कमरेइतक्या उंचीपर्यंत. तोंडं घट्ट मिटलेली. एक उचकटायला गेलो तर बोट कापलं.

एक्स्चेंजमध्ये रत्नागिरीकडचे एक गृहस्थ होते. त्यांना कापलेलं बोट दाखवलं, शिंपल्यांचं सांगितलं.

"अहो, ते कातळावर असतात आमच्याकडं. उघड्यावर तोंड मिटून बसतात. पाण्याखाली गेले, की उघडतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. का गेलो, सांगता येत नाही. बोळ कोरडा ठणठणीत होता. सावलीला एक शेळी पडली होती. शिंपले आता माझ्या डोक्याच्या वर पोचले होते.

आणि खालपासून वरपर्यंत सगळे उघडे होते.