तैसियाचा चमचा

भट्टीतून काढलेला चमचा निवला, तसा ग्लाफिराने तो उजेडात धरला. दांड्यावर पिळाच्या तारेची वेटोळी, त्यांत निळा-पांढरा मिना, टोकाला खेडवळ कोंबडा. मॉस्कोत हल्ली असली गावाकडची नक्षी हातोहात खपे. पण हा चमचा विकायचा नव्हता. धाकट्या बहिणीची, उस्तिन्याची, दोन बाळं पाळण्यातच गेली होती. तिसरीचा रविवारी बाप्तिस्मा होता आणि धर्ममाता ग्लाफिराच. पहिल्या दातासाठी चांदीचा चमचा तिनेच द्यायचा होता.

"येफ्रेमकाका, नाव कोरून द्या. तैसिया."

कारखान्यात नावं कोरणाऱ्या म्हाताऱ्याने छिन्नी खाली ठेवली. "पोरीला अजून बाप्तिस्म्याचं पाणी लागलेलं नाही. मोकळं नाव आहे ते. कुणीही उचलेल."

"उद्या तुम्ही गावी चाललात. मग काय मी नखाने कोरू?"

त्याने कुरकुरत कोरलं.

शुक्रवारी चमच्याच्या काठावर दोन बारीक खळगे दिसले. तिने ते घासून काढले. शनिवारी चार होते. कारखान्यातल्या कपाटाला कुलूप, किल्ली तिच्याच गळ्यात. तिने करंगळी फिरवून पाहिली. दातांचे वण होते ते, इवलेसे.

घरी उस्तिन्या म्हणाली, "ताई, ही सकाळपासून रडलीच नाही गं."

रविवारी बाळाची आई म्हणून उस्तिन्या रिवाजाप्रमाणे घरीच राहिली. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी बाळाचं नाव विचारलं. ग्लाफिराला चमच्यावरचे दातांचे वण आठवले. मग ती मोठ्याने म्हणाली, "पेलागेया."

पाण्यात बुडवताच पोरीने चर्च डोक्यावर घेतलं. ग्लाफिराला रडू आवरेना. वाचली पोर!

"मला न विचारता नाव बदललंस?" उस्तिन्या भडकली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"शिव्या दे हवं तर. पोर रडतेय ना, बास."

सोमवारी सकाळीही ती रडतच होती. भुकेने.

"ताई, रात्रीपासून दूधच उतरत नाही," उस्तिन्या रडवेली झाली. "एकाएकी कुठे गेलं गं?"

ग्लाफिरा कारखान्याकडे धावत सुटली. चमच्यावरचं नावच घासून टाकायचं, आत्ताच.

कुलूप जसंच्या तसं होतं.

तिने कपाट उघडलं. चमचा काठोकाठ दुधाने भरला होता.

तिने बोट लावलं. दूध कोमट होतं.

ती बघत असतानाच ते कमी होऊ लागलं. घोटाघोटाने.