दीपजुळणी

चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथल्या वेधशाळेत सोमवार हा दिव्याचा वार होता. ‘अगस्ती’ यानातून गेलेल्यांचे नातेवाईक त्या दिवशी पडद्यासमोर बसत आणि यानाचा दिवा बघत. यान इतकं लांब पोचलं होतं, की त्याचा उजेड इथं यायला चार वर्षं लागत. पडद्यावरचा दिवा म्हणजे चार वर्षांपूर्वीचा दिवा. वेधशाळेत स्वयंपाक करणाऱ्या अनसूयामावशींना हे ठाऊक होतं. त्यांची सुलभा यानावर वेल्डर होती.

यानाचे निरोप गेल्या वर्षीच बंद पडले होते. यंत्र बिघडलं असेल, असं सगळे म्हणत. दिवा दिसतोय ना, मग झालं.

तक्रार निराळीच होती. दिवा लख्ख, पण बाकीचा प्रत्येक तारा जोडीनं दिसू लागला होता. दुर्बीण वृषाली खानोलकरकडे होती. नाचता येईना अंगण वाकडं, ही शास्त्रज्ञांचीही खोड. वृषालीनं आधी आरशांना दोष दिला, मग आरसे वळवणाऱ्या मोटारींना. दोन्ही ठणठणीत निघाले.

या दुर्बिणीत एक आरसा नव्हता, फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले कितीतरी होते. सगळ्यांचे किरण एकाच जागी पडले तरच चित्र स्वच्छ. त्यासाठी समोर असा एक ठिपका लागतो, जो एकच आहे याची खात्री असते. त्यावर आरसे वळवायचे. इथं तो ठिपका म्हणजे यानाचाच दिवा. आपल्या माणसांच्या दिव्यावर आरसे जुळवायचे, हा पहिल्यापासूनचा रिवाज. त्याला दीपजुळणी म्हणत.

त्या सोमवारी वृषालीनं रिवाज मोडला आणि एका ओळखीच्या ताऱ्यावर आरसे जुळवले. तारे एकेक झाले. दिव्याचे मात्र दोन ठिपके झाले. ती खुर्चीत मागं टेकली.

तेवढ्यात मावशी शिऱ्याचं पातेलं घेऊन नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी आल्या.

“आज आरसा बिघडला वाटतं, वृषालीताई.”

“नाही, मावशी. आजच नीट बसलाय.”

“मग दोन का दिसतंय?”

“यानाला नाकावर एक दिवा आहे, शेपटाला एक. इथून दोन्ही मिळून एकच दिसायचे. आता यान मधून तुटलंय, तुकडे लांब होत चाललेत. निम्मे आरसे एका दिव्यावर वळत होते, निम्मे दुसऱ्यावर. चित्रं एकावर एक पडायची. कडेला फिकट ठिपके उरायचे, ते संगणक पुसायचा. दिवा एकच असतो, असं आम्हीच त्याला शिकवलंय.”

मावशींनी पातेलं खाली ठेवलं.

“माझी सुलभा कशात असंल?”

“राहायच्या खोल्या पुढं आहेत. पुढच्यात असली तर जिवंत असेल. पण इंजिन मागं राहिलं. पुढच्या तुकड्याला आता थांबता येणार नाही, तो जातच राहणार.”

“आन् मागल्यात असली तर?”

वृषालीनं नजर पडद्याकडे वळवली.

“ह्यातला पुढला कुठला, तेवढं सांगा.”

“यान आपल्यापासून सरळ लांब चाललंय. इथून पुढचं-मागचं कळत नाही.”

मावशींनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

“निरोप धाडा की.”

“पोचायला चार वर्षांहून जास्त लागतील. आणि जे व्हायचं ते चार वर्षांच्याही आधी झालंय, मावशी.”

बाहेर माणसं जमल्याचा आवाज येऊ लागला. सोमवारची दीपजुळणी आपोआप सुरू व्हायची, तशी झाली. आरसे हलू लागले. वृषालीचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला, तो मावशींनी मनगटाशी धरला.

“ऱ्हाऊ द्या.”

“मावशी, हे खोटं आहे.”

“ठावं हाय.”

वृषालीला हात सोडवता आला असता. तिनं सोडवला नाही. पडद्यावरचे ठिपके सरकत सरकत एकमेकांत गेले, कडेचं फिकट पुसलं गेलं आणि दिवा नेहमीसारखा एक झाला.

मावशींनी हात जोडले.

“झाला बघा नीट,” त्या म्हणाल्या आणि बाहेरच्यांना आत घ्यायला दाराकडे निघाल्या.