न घुमणारा आवाज

ही हकिगत माझ्या सख्ख्या बहिणीची आहे आणि त्या दुपारी मी तिच्यासोबत होते. कुणी विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

ताई कान तपासते. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली आणि घराची शोधाशोध सुरू झाली. शेवटी दोन घरं उरली. एक पार शहराच्या टोकाला, जाता-येता बस बदलायची. दुसरं दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, छापखान्याच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर.

"यात विचार कसला करायचा?" मी म्हणाले.

एजंटला आम्ही गोडबोल्या म्हणायचो. जिना चढेपर्यंत त्याच्या तोंडाला उसंत नव्हती. त्याने कुलूप उघडलं आणि...

एकदम गप्प.

"तुम्ही बघा निवांत. मी इथेच आहे."

उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही. मला तेव्हाच खटकलं.

घर लख्ख होतं. भरपूर ऊन. सामान म्हणाल तर एक खुर्चीसुद्धा नाही. आमचं बोलणं हॉलभर घुमत होतं.

आम्ही आतल्या खोलीत गेलो.

"कपाट या भिंतीला..." ताई बोलता बोलता थांबली. तिने टाळी वाजवली.

आवाज... जागीच विरला.

"काय गं?"

"ही खोली रिकामी आहे ना?" तिने हळूच विचारलं.

"म्हणजे? दिसत नाही का तुला?"

"रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. असा दबतो तो माणसांनी भरलेल्या खोलीत."

मी हसले. पण माझंच हसू मला कानात कापूस कोंबल्यासारखं ऐकू आलं.

"चल, निघू," हॉलमध्ये येत मी म्हणाले.

आता हॉलही... घुमला नाही.

ताईचा चेहरा उतरला. तिने दारातूनच आतल्या खोलीत हात घालून पुन्हा टाळी वाजवली.

ती खोली खणखणीत घुमली.

आत जे काही होतं, ते आमच्या मागोमाग बाहेर आलं होतं.

आम्ही अक्षरशः पळत दाराबाहेर आलो. घर आवडलं का, हेही गोडबोल्याने विचारलं नाही. त्याने दार धाडकन ओढून घेतलं.

"आधी इथे कोण राहायचं?" ताईने विचारलं.

"घर चांगलंय हो, मॅडम," तो नजर चुकवत म्हणाला. "लोकच फार संशयी."

ताईने लांबचं घर घेतलं. तिथे तिला काही त्रास नाही. मीही हा प्रकार विसरत चालले होते.

गेल्या महिन्यात तिच्या दवाखान्यात एक बाई आपल्या लहानगीला घेऊन आली. मुलीला ऐकू येत नाही, अशी तक्रार.

ताईने नीट तपासलं. कान ठणठणीत!

"घरी हाक मारली तर वळत नाही का ती?"

"वळते ना," बाई म्हणाली. "पण... माझ्याकडे नाही."

ताईने हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"राहता कुठे तुम्ही?"

"इथेच. छापखान्याच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर."

"ते घर सोडा," ताई म्हणाली. "आजच्या आज."

"का? काय झालं?"

"सांगून पटणार नाही तुम्हाला." बाईने तिच्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं, मुलीला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली.

ती परत आलेली नाही.

ताई रोज ठरवते, त्या जिन्यापर्यंत जाऊन चौकशी करायची. मी रोज फोनवर तिला अडवते.

आणि फोन ठेवला की वाटतं... अडवते ते बरोबर करते का?