पश्चिमेची भिंत

पूर्णेकाठच्या त्या गावात विहिरी साऱ्या खारट. गोडं पाणी लांबून बैलगाडीवरच्या पिंपात यायचं. इंदूबाईच्या घरी त्याचा एकच माठ भरायचा, तोही शकुनसाठी. सात वर्षांच्या पोरीच्या अंगावर सूज होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं, खारं पाणीही.

इंदूबाईचे यजमान शेषराव रेल्वेत होते. त्या हिवाळ्यात त्यांनी मुंबईहून समुद्राचा एक जिवंत मासा आणला. संत्र्याच्या सालीचा रंग, अंगावर पांढरा पट्टा. विहिरीच्या पाण्यात खडेमीठ विरघळवून काचेच्या टाकीत ठेवला, तर जगला. लोक पाहायला येऊ लागले.

"तिथं लाखो हायेत," शेषराव म्हणाले. "एक आनला तं काय बिघडलं?"

"माय असन त्याले, तं एक कमी दिसलाच असन तिले," इंदूबाई म्हणाली.

मासा सदा पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून असायचा. टाकी फिरवली, तर दळण होईस्तोवर तो पुन्हा तिकडेच वळलेला.

"माय, तो झोपत कावून नाई?" शकुन विचारायची.

मग एका सकाळी माठातलं पाणी खारट लागलं. नवं भरलं, तेही खारट. शकुनचे डोळे सुजेनं मिटत चालले.

"आत्याबाई, माठात हात कोन घालते?"

सासू पार्बताबाईंनी हात पुढे केला. "माया बोटाले मीठ लागलंय का, चाटून पाय."

मग इंदूबाईचा वहीम नवऱ्यावर गेला. टाकीत बुडवलेला हात तोच, माठातलं ओगराळं धरणारा हातही तोच. तिनं माठाच्या तोंडाला फडकं बांधलं, आपल्या हातची गाठ मारली आणि समोरच तूर निवडत बसली. दुपार कलली. कुणी आलं नाही. गाठ जशीच्या तशी होती. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

"आवो, ज्याच्यातून आनला त्याच्यातच नेऊन सोडा त्याले," ती म्हणाली. "माया पोरीसाठी सोडा."

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी होती.

"सोडला," शेषराव म्हणाले.

"समुद्रात?"

"रजा कुठं हाये मले? आपल्या हिरीत सोडला. खारंच तं पानी हाये."

माठ त्या दिवसापासून गोड राहिला. शकुनची सूज उतरली, गालांचं हाड दिसू लागलं, ती अंगणात खेळू लागली. इंदूबाईच्या ओठांवर जात्यावरची ओवी परत आली.

एके दुपारी शकुन बाजेवर निजली होती, भिंतीकडे तोंड करून. इंदूबाईनं तिला अलगद आपल्याकडे वळवलं. चुलीकडे जाऊन आली.

पोर भिंतीकडे वळलेली.

तिनं बाजच फिरवली. उंबऱ्यापर्यंत गेली, मागे पाहिलं.

तीच भिंत. पश्चिमेची.

"शकुन."

डोळे उघडे होते. पापणी लवत नव्हती. तोंड हळूहळू उघडत होतं, मिटत होतं, आवाज नव्हता. गालाखालची वाकळ ओली झाली होती.

इंदूबाईनं त्या ओलीवर बोट टेकवलं. ते जिभेला लावायला तिचा हात काही वर उठेना.